पाय धुणं एका गुरुवारापुरतं नको: घरोघरच्या सेवेची तयारी कशी करावी? (सोलापूर)

शेळगीकर

जय ख्रिस्त मंडळी.

पवित्र गुरुवारी (ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी) येशूने बारा शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी होतो. बारा खुर्च्या मांडतात, घरून पाय धुऊन आलेले बारा जण बसतात. पाळक साहेब तांब्याने पाणी ओततात, टॉवेल टेकवतात, झालं. विधीला माझी हरकत नाही. पण ज्यांचे पाय खरोखर कुणीतरी धुवायला हवेत, ती माणसं त्या दिवशी चर्चमध्ये नसतातच. ती घरात खाटेवर असतात. वाकता येत नाही म्हणून नखं वाढलेली, साखरेमुळे पाय बधिर, सून दिवसभर विड्या वळते नाहीतर लूमवर जाते.

तरुण संघ आणि महिला मंडळ मिळून आठ जण तयार आहेत. पंधरवड्यातून एकदा घरी जायचं, पाय धुवायचे, नखं कापायची, अंथरुणाला खिळलेल्यांना पुसून घ्यायचं. सामान काय लागेल, पाणी किती, काय करू नये, सगळं नेमकं सांगा. "प्रीतीने करा" एवढं लिहून थांबू नका, ते पाठ आहे.

निवृत्त_सिस्टर

आधी पायांचं लिहिते. रुग्णाला मधुमेह आहे असं धरूनच चाला. घरचे "थोडी साखर आहे" म्हणतात, ती थोडी नसते.

टबात आधी गार पाणी, मग वरून गरम. उलटं केलं आणि बोलण्याच्या नादात गार घालायचं राहिलं, तर बधिर पायाला चटका कळत नाही. कातडी सोलते तेव्हाच समजतं. पाणी स्वतःच्या कोपराने तपासा, रुग्णाला "गरम लागतंय का?" विचारून नव्हे. त्याला कळत असतं तर प्रश्नच नव्हता. थर्मामीटर असेल तर ३७ अंशांच्या वर नको.

पाय तीन ते पाच मिनिटंच पाण्यात. साबण साधा, अंगाचा. डेटॉल, मीठ, तुरटी, हळद काही नको. मग पुसणं, आणि खरं काम इथेच आहे. बोटांच्या बेचक्यांत टॉवेलचं टोक घालून एकेक फट टिपून कोरडी करायची, घासायची नाही. तिथे ओल राहिली की बुरशी धरते, कातडी पांढरी होऊन फाटते आणि तिथूनच पाय सडायला सुरुवात होते. पुसून झाल्यावर तळव्याला आणि टाचेला खोबरेल किंवा व्हॅसलीन. बेचक्यात काहीही लावायचं नाही.

नखं सरळ रेषेत कापा, कोपरे गोल करून आत शिरू नका. जाड, पिवळी, वाकडी नखं आणि आत रुतलेलं नख सोडून द्या, ते डॉक्टरांचं काम. भोवरी, कुरूप ब्लेडने तासायचं नाही. कुरुपावर चिकटवायच्या औषधी पट्ट्यांत आम्ल असतं, ते बधिर पायाला भोक पाडतं.

लूम_ते_लोम

टॉवेलबद्दल मी बोलणार, गाव कुठलं आहे आपलं!

नवा टेरी टॉवेल पाणी शोषत नाही. तयार करताना त्यावर मऊपणा आणणारं रसायन चढवलेलं असतं, पाणी वरच्या वर घरंगळतं. वापरण्याआधी दोन-तीन वेळा नुसत्या पाण्यात धुवा, सॉफ्टनर अजिबात नको. फार जाडजूडही घेऊ नका. हॉटेलातला भरगच्च टॉवेल बेचक्यात शिरत नाही आणि पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही. हात पुसायचा मध्यम वजनाचा नॅपकिन बरा. माणशी दोन, एक पायांना आणि एक गुडघ्याखाली अंथरायला. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला सेकंडचा माल बघा. एखादा धागा सुटलेला असतो, कामात फरक पडत नाही.

आणि पांढरा किंवा फिकटच घ्या. "डाग दिसतात" म्हणून लोक गडद घेतात. इथे डाग दिसलेच पाहिजेत.

निवृत्त_सिस्टर

लूम यांनी शेवटी लिहिलं ते लाखमोलाचं आहे. बधिर पायाच्या माणसाला जखम झाल्याचं कळत नाही, पण टॉवेलला कळतं. दोन बोटांच्या मधून टिपल्यावर पांढऱ्या कापडावर मुगाएवढा पिवळा किंवा गुलाबी ठिपका उमटला, तर थांबा. मोबाइलची बॅटरी लावून बघा. प्रत्येक फट पुसल्यावर टॉवेलकडे एक नजर, ही सवय आठही जणांना लागली पाहिजे.

ठिपका, काळी पडलेली कातडी, वास, किंवा एकच पाय सुजून गरम लागणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी सिव्हिलला नाहीतर त्यांच्या डॉक्टरांकडे. "पुढच्या खेपेला बघू" नाही. एकाच पायाची पोटरी सुजली असेल तर तेल लावून चोळू नका, आत गुठळी असू शकते.

पाठीमागचा_बाक

टॉवेलवरून आठवलं. बायबलमध्ये योहान १३ मधला क्रम बघा. येशू भोजनावरून उठतो, बाह्यवस्त्रं काढून ठेवतो, रुमाल कमरेला बांधतो, गंगाळात पाणी ओततो, पाय धुतो आणि कमरेच्याच रुमालाने पुसतो. हे एवढं बारकाईने लिहिलंय ते उगाच नाही. दुसऱ्याने पाणी ओतलं, तिसऱ्याने टॉवेल धरला आणि गुरूने फक्त हात लावला, असं तिथे घडत नाही. आपल्या विधीत मात्र तीन मदतनीस लागतात.

दुसरं म्हणजे पेत्र, येशूचा शिष्य. तो "नको" म्हणतो. तुम्हालाही बहुतेक घरांत पहिल्यांदा "नको" ऐकू येणार. आपल्याकडे दुसऱ्याकडून पाय धुऊन घेणं म्हणजे संकोचच. पहिल्या भेटीत पायाला हातच लावू नका. हातांची नखं कापा, केस विंचरा, पाणी पाजा. "पुढच्या वेळी पाय बघू का, आजी?" विचारून निघा. तिसऱ्या खेपेला आजी स्वतःच पाय पुढे करतील.

आणि येशूला धरून देणाऱ्या यहूदाचे पायही धुतले गेले, तो नंतर बाहेर पडला. म्हणून यादी करताना "ते चर्चला येत नाहीत", "त्यांनी कमिटीत भांडण केलं होतं" हे निकष लावू नका.

नळ_आला_का

कुणी पाण्याचं बोललंच नाही! सोलापुरात ज्या गल्लीत नळ चार-पाच दिवसांनी येतो, तिथे चौथ्या दिवशी जाऊन दोन बादल्या मागितल्या तर ती सेवा नाही, वसुली आहे. घरचे लाजेने देतील आणि संध्याकाळी शेजारी मागत फिरतील.

प्रत्येक घराचा पाण्याचा दिवस वहीत लिहा आणि भेट त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ठेवा. जमलं नाही तर वीस लिटरचा जार सोबत न्या. हिशोब असा: पायांना सहा लिटर पुरतं (चार धुवायला, दोन वरून ओतायला). अंथरुणावर पूर्ण अंग पुसायचं तर दहा ते बारा, कारण मध्ये पाणी बदलावं लागतं. टब पसरट घ्या, खोल बादली नको. बादलीत पाय घालताना म्हातारं माणूस तोल जाऊन पडतं.

एप्रिल-मेमध्ये सकाळी सात ते नऊ. दुपारी पत्र्याच्या खोलीत नुसतं बसवत नाही, सेवा कुठली.

बुधवारची_ओपीडी

सिस्टर, एका मुद्द्यावर वेगळं मत. पाय वीस मिनिटं साध्या पाण्यात भिजवावेत, खरखरीत दगडाने घट्टे हळू घासावेत आणि ओल्या कातडीवरच तेल लावावं, असंच कायम शिकवलं जातं. तुम्ही तीन-पाच मिनिटं म्हणता.

निवृत्त_सिस्टर

तुमचं बरोबर आहे, पण ते कुष्ठरोगातून बरं झालेल्यांच्या पायांसाठी. तिथे घामाच्या ग्रंथीच काम करत नाहीत, कातडी लाकडासारखी कोरडी होऊन फाटते. म्हणून भिजवून पाणी मुरवायचं आणि तेलाने ते आत कोंडायचं. तेही उघडी जखम नसेल तरच, आणि बेचक्या तिथेही कोरड्याच. मधुमेहात कातडी आधीच नाजूक आणि रक्तपुरवठा कमी असतो, जास्त भिजवली की फुगते आणि फाटते. दोन आजार, दोन पद्धती. वहीत नावापुढे "भिजवणे" किंवा "न भिजवणे" एवढंच लिहा, आजाराचं नाव लिहू नका. वही कुणाच्याही हातात पडते.

बुधवारची_ओपीडी

मान्य. मग त्यात भर घालतो. कुष्ठरोगाची बहुऔषधी उपचारपद्धती १९८२ पासून आहे, गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि औषध सुरू झालं की थोड्याच काळात संसर्गाचा धोका उरत नाही. बरं झालेल्या माणसाचे पाय धुताना केवळ त्या आजारापायी ग्लोव्हज चढवण्याची गरज नाही. ग्लोव्हज जखमेसाठी, शी-शूसाठी, किंवा आपल्याच बोटाला चीर असेल तर. हाच नियम सगळ्या घरांत सारखा पाळा. एकाच घरात ग्लोव्हज घातलेले गल्लीला दिसले, तर त्या घराचं काय होतं ते सांगायला नको.

एमसीआर चपला (आत मऊ रबर, खाली टणक तळ, खिळा एकही नाही) कुष्ठरोग कार्यक्रमातून मिळतात, चौकशी करा. बधिर पायाला बिनमागच्या स्लीपर नकोत. सटकून पडलेली कळत नाही आणि माणूस तसाच तापलेल्या फरशीवर चालत राहतो. मे महिन्यात गच्ची आणि देवळाची फरसबंदी यांनी भाजलेले तळवे दवाखान्यात नेहमी दिसतात. चपलेत हात घालून आत खडा आहे का बघणं हाही भेटीचा भाग धरा.

खाटेशेजारी

अंथरुणाला खिळलेल्यांचं लिहितो, पाय त्यापुढे सोपे.

पाठ फुटली (बेडसोअर झाला) की महिनोन् महिने भरत नाही, म्हणून सगळा जोर ती होऊ न देण्यावर. दर दोन तासांनी कूस बदलायची. तुम्ही पंधरा दिवसांतून पाऊण तास जाणार, म्हणजे कूस तुम्ही बदलून काही होत नाही. घरच्यांना शिकवणं हेच तुमचं काम. भिंतीवर कागद लावा: ६ डावी, ८ पाठ, १० उजवी, असं. ज्याने बदलली त्याने खूण करायची.

बघायच्या जागा: माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा, घोटे, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू. लाल दिसलं तर बोटाने दाबून सोडा. पांढरं होऊन परत लाल झालं तर अजून वेळ आहे. दाबूनही लालच राहिलं तर आत इजा सुरू झाली. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे हाताने चाचपा: आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागतं. अशा जागेवर वजन अजिबात नको, आणि चोळायचं तर मुळीच नाही. "रक्त फिरावं" म्हणून स्पिरिट लावून मालिश करतात त्याने आतली कातडी आणखी फाटते. पावडर घामात मिसळून खरखरीत होते, तीही नको. रबरी रिंगवर बसवू नका, रिंगच्या कडेने रक्त अडतं. टाचांसाठी पोटरीखाली उशी, टाच अधांतरी.

आता चादर. सोलापुरी चादर अशा रुग्णाच्या अंगाखाली कायम ठेवू नका. विणीतली नक्षी आणि जाडी कातडीवर उमटते. खाली मऊ जुनं धुवट सुती कापड, सुरकुती नसलेलं. पण माणूस सरकवायला याच चादरीसारखं दुसरं काही नाही. दुहेरी घडी करून खांद्यापासून मांडीपर्यंत आडवी घाला, दोघांनी दोन्ही कडा अंगाजवळपर्यंत गुंडाळून तळवे वर करून धरा, गुडघे वाकवा, "एक, दोन, तीन" आणि एकदम उचलून वर न्या. फरफटत ओढलं तर माकडहाडावरची कातडी सोलते. बगलेत हात घालून तर कधीच नको, लकवा झालेल्या बाजूचा खांदा निखळतो. काम झालं की चादर काढून घ्या.

रेक्झिन फक्त कमरेखाली आणि त्यावर सुती कापड. अख्ख्या गादीवर रेक्झिन टाकलं की आपल्या उन्हाळ्यात माणूस घामात शिजतो.

पूर्वभाग

अंग पुसण्याचा क्रम कुणी लिहा की ओ.

खाटेशेजारी

पंखा बंद, दार लोटून, वरून एक चादर पांघरलेली. जो भाग पुसायचा तेवढाच उघडा. आधी डोळे, नाकाकडून कानाकडे, प्रत्येक डोळ्याला कापडाचा वेगळा कोपरा, साबण नाही. मग तोंड, मान, हात, बगला, छाती, पोट, पाय. पाणी बदला. कुशीवर वळवून पाठ, त्याच वेळी वरच्या सगळ्या जागा तपासा. शेवटी खालचा भाग, वेगळं कापड, वेगळं पाणी, पुढून मागे. लघवीची पिशवी असेल तर ती मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकता. कूस बदलताना नळी अंगाखाली दबली नाही ना, बघा. बायकांचं बायकांनी, पुरुषांचं पुरुषांनी. मुलगा आईचं करत असेल आणि त्यांना चालत असेल तर आपण मध्ये पडू नये.

शेळगीकर

हे सगळं छापून भिंतीवर लावण्यासारखं आहे. एक नाजूक प्रश्न. प्रार्थना करायची का? आणि संघातली पोरं फोटो काढणार, त्यांना काय सांगू?

पाठीमागचा_बाक

फोटो नाही. मत्तय ६:३, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, आणि इथे तर अख्ख्या ग्रुपला कळवायची घाई. ओल्या पायाचा, अर्ध्या उघड्या अंगाचा फोटो त्या माणसाने पुसून टाकायला सांगितला तरी आता कुठून पुसणार? फोन एकाकडे, तोही बॅटरीसाठी.

प्रार्थना घरच्यांनी म्हटली तर. मंडळीतल्या घरी आजीला रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं पद हवं असतं, म्हणा. इतर धर्मांच्या घरी तुम्हाला बोलावलंय ते पायांसाठी. पत्रकं पिशवीत नेऊच नका. सेवेच्या बदल्यात काही हवंय असा नुसता वास आला तरी पुढच्या पंधरवड्याला दार उघडत नाही, आणि त्यात चूक त्यांची नसते.

पूर्वभाग

इथे थोडं खटकलं. नाव न घेता केलेली सेवा आणि नाव लपवून केलेली सेवा यात फरक आहे. "कुठून आलात?" विचारलं तर "चर्चमधून" असं सरळ सांगावं. लपवलं तर नंतर कळल्यावर जास्त बिघडतं.

पाठीमागचा_बाक

बरोबर. विचारलं तर खरं सांगायचं, पण न विचारता भाषण नाही.

पूर्वभाग

आणि भाषा. आमच्याकडच्या आज्या तेलुगूतच बोलतात, अक्कलकोटकडच्या कानडीत. दुखणं म्हणजे तेलुगूत "नोप्पि", कानडीत "नोवु". हे दोन शब्द नखं कापणाऱ्याला माहीत पाहिजेत. आजी तोंडातल्या तोंडात "नोप्पि, नोप्पि" म्हणते आणि आपण "हो हो आजी" करत कापतच जातो. जोडीत एक तरी त्या भाषेचा द्या.

सुनेच्या_बाजूने

तुमच्या यादीत एक माणूस सुटलंय. जी रोज करते ती. तुम्ही पाऊण तास येऊन "किती छान सेवा" म्हणवून घेणार, ती वर्षानुवर्षं करते आणि तिला "नीट बघत नाही" ऐकावं लागतं.

भेट दीड तासाची करा. त्यातला तासभर तिला घराबाहेर जाऊ द्या: झोप, बाजार, बहिणीकडे, काहीही. जाताना "इथे मळ राहिलाय" असलं वाक्य तोंडातून काढू नका. काही शिकवायचं असेल तर आधी "तुम्ही कसं करता?" विचारा. रोज उचलून उचलून तिने शोधलेली युक्ती बहुतेक वेळा तुमच्यापेक्षा बरी असते.

याकोब २:१५-१६ मध्ये उघड्या-उपाशी माणसाला "सुखाने जा, ऊब घ्या" म्हणून वाटेला लावणाऱ्याची खबर घेतली आहे. सुनेला "देव तुला बळ देवो" म्हणणं त्याच जातीचं.

वहीवाला

कारभाराचं लिहितो, कारण सेवा बुडते ती इथे.

उपासकाळात (ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत) पंचवीस नावं येतात, ईस्टर झाला की लग्नसराई, मग ऊन, मग शाळा. जूनमध्ये तीन उरतात. म्हणून आठ जणांत चार जोड्या पाडा, पण घरं तीनच जोड्यांची घ्या. चौथी जोडी राखीव. जोडीमागे दोन घरं, म्हणजे एकूण सहा. "फक्त सहा?" असं कमिटी म्हणेल. म्हणू दे. बारा घरं घेऊन चार महिन्यांनी सोडली, तर त्या बारा खाटांवर माणसं दाराकडे बघत बसतात. त्यापेक्षा न गेलेलं बरं.

प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये हाच घोळ आहे. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवा सुटत होत्या, कुरकुर झाली, तेव्हा प्रवचन न देता सात माणसं नेमली. आणि लूक १० मधला, वाटेत लुटलेल्या माणसाला मदत करणारा शोमरोनी जखम बांधून थांबत नाही. उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार देतो, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, आणि परत येताना वरचा खर्च भागवीन म्हणतो. पुढच्या खेपेची तारीख देऊनच तो निघतो असं म्हणा.

वहीत रकाने पाच: तारीख, जोडी, काय केलं, काय दिसलं, पुढची तारीख. "काय दिसलं" मध्ये "ठीक" लिहायला बंदी. "उजव्या टाचेला भेग, बोटाच्या पेराएवढी, कोरडी" असं लिहा, म्हणजे पुढच्या वेळी वाढली का कळेल.

निवृत्त_सिस्टर

सामान धुण्याचं राहिलं. नेलकटर प्रत्येक घराचा वेगळा, त्याच घरी डबीत ठेवायचा. एकच कटर सहा घरी फिरवला तर बुरशी आणि कावीळही फिरते. टब साबणाने धुऊन मग ब्लीच: बाजारातलं पाच टक्क्यांचं असेल तर एक वाटीला नऊ वाट्या पाणी, दहा मिनिटं ठेवून स्वच्छ धुवा, उन्हात पालथा. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा फिनेल मिसळू नका, विषारी वायू होतो. टॉवेल गरम पाण्यात साबणाने धुऊन कडक उन्हात. उन्हाची आपल्याला कमी नाही.

बसायला पाट न्या. रुग्ण खुर्चीत, तुम्ही पाटावर, पाय तुमच्या मांडीवरच्या टॉवेलवर. उभ्याने वाकून केलं तर तुमची कंबर जाते आणि बेचक्या दिसत नाहीत.

शेळगीकर

यादी केली: बारा फिकट नॅपकिन, तीन पसरट टब, सहा नेलकटर डबीसह, तीन पाट, दोन जार, ग्लोव्हजचा एक खोका, व्हॅसलीन, वही. नॅपकिन आजच आणले. घरी म्हणतात पहिल्या धुण्यात मीठ घाला, रंग पक्का होतो. घालू का?

लूम_ते_लोम

नको. हल्लीच्या रंगांना मिठाने काही होत नाही, रंग पक्का करायचा तो डाइंगमध्येच होतो. पहिल्या धुण्यात अर्धी वाटी पांढरा व्हिनेगर घाला, वरचं मऊ रसायन निघायला मदत होते. व्हिनेगर आणि ते ब्लीच मात्र एका बादलीत येऊ देऊ नका. वाळल्यावर एक थेंब पाणी टाकून बघा. लगेच जिरला तर पिशवीत भरा, मण्यासारखा उभा राहिला तर आणखी एकदा धुवा.

शेळगीकर

थेंब उभा राहिला. परत भिजत घातलेत.